दोनशे बारा नंबरचा दिवा

माझं काम घरी समजावून सांगायचा नाद मी केव्हाच सोडला होता. दुसरे प्रोग्रॅमर वापरतात ती तयार कोडची लायब्ररी मी लिहिते, असं एकदा वहिनीला सांगितलं, तर ती म्हणाली, "वन्सं, एवढी वर्षं लायब्ररीत कामाला आहेस आणि घरी एक पुस्तक आणलं नाहीस." दादा शेजारीच जेवत होता. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

त्या आठवड्यात मला त्या लायब्ररीत कर्सर बसवायचा होता. कर्सर म्हणजे काही फार अवघड प्रकरण नाही. डेटाबेसला प्रश्न विचारला की तो उत्तराच्या सगळ्या ओळी एकदम आणून पुढ्यात ओततो. शंभर ओळी असतील तर ठीक. काही कोटी असतील तर मशीनचा जीव घाबरा होतो. मग कर्सर उघडायचा. तो उत्तरावर बोट ठेवून उभा राहतो. 'पुढे' म्हटलं की एक ओळ देतो, बोट एक ओळ खाली नेतो आणि थांबतो. मागे जात नाही. ओळी संपल्या की 'संपलं' म्हणतो. काम झालं की तो बंद करायचा.

ज्या मशीनसाठी हे सगळं चाललं होतं, ते तांब्याच्या खाणीच्या दिवाखोलीत होतं. खाण तीन वर्षांपूर्वीच बंद पडलेली. आता कंपनी उरलेली इमारतही रिकामी करून देणार होती. शुक्रवारी दुपारी चारला वीज तोडणार होते. त्याआधी जुन्या मशीनमधल्या अकरा वर्षांच्या नोंदी बाहेर काढायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं होतं. मशीन इतकं जुनं की सगळं एकदम मागितलं की बंदच पडायचं.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लोटून घेतलं. "तुला तिथे बसवेल का? नाहीतर मी दुसऱ्या कुणाला पाठवतो."

"बसवेल," मी म्हटलं.

साहेबांना माहीत होतं. आमच्या ऑफिसात सगळ्यांनाच माहीत होतं. त्या खाणीत जे सातजण गेले, त्यांच्यात माझा दादा होता.

दिवाखोली लांबट होती. दोन्ही भिंतींवर ओळीने लोखंडी आकडे आणि प्रत्येक आकड्याखाली पत्र्याचा नंबर. पाळीवर जाणारा प्रत्येकजण इथून आपला दिवा घ्यायचा, हेल्मेटला लावायचा आणि वर आला की परत त्याच आकड्याला अडकवायचा. आता आकडे मोकळे होते. खोलीत रबराचा आणि बॅटरीतल्या आम्लाचा वास मुरलेला होता. कोपऱ्यात लोखंडी टेबल, त्यावर मशीन, समोर खिडकी. खिडकीतून खाणीचं तोंड दिसायचं, तीस-पस्तीस पावलांवर. म्हणजे तोंड जिथे होतं ती काँक्रीटची भिंत दिसायची. आजूबाजूचं सगळं गंजलेलं, काळवंडलेलं. ती भिंत मात्र अजून नवी वाटायची.

पद्धत अशी होती. प्रत्येक दिव्याच्या पट्ट्यात एक छोटी चकती बसवलेली. बोगद्यात चौदा ठिकाणी भिंतीवर रीडर. एक नंबरचा अगदी तोंडाशी, चौदा नंबरचा सगळ्यांत आत. माणूस रीडरजवळून गेला की मशीनमध्ये एक ओळ पडायची: दिव्याचा नंबर, रीडरचा नंबर, तारीख, वेळ. माणूस एकाच जागी बसून राहिला, तर त्या रीडरची दर तासाला एक ओळ. कोण कुठे आहे हे वर बसून कळावं म्हणून हा खटाटोप.

आग लागली तेव्हा सातजण तेरा आणि चौदाच्या मध्ये होते. बचाव पथक सहा नंबरपर्यंत जाऊन धुरामुळे मागे फिरलं. पुन्हा गेलं, पुन्हा फिरलं. सहा दिवस हेच चाललं, मग आत शिरणंच अशक्य झालं. सातही दिव्यांच्या शेवटच्या ओळी पहिल्याच दुपारच्या होत्या. त्यानंतर काही नाही. आग कोंडून विझवायची तर तोंड बंद करावं लागेल, असं कंपनी म्हणाली आणि घरच्यांच्या सह्या मागितल्या.

वहिनी सही करेना. मी तिच्या स्वयंपाकघरात दोन तास बसले होते. तिने गॅसही पेटवला नव्हता. मी तिला माझ्या परीने नीट समजावलं. "सिग्नल नाहीत, वहिनी. तो चालला असता, हलला असता, तर एक तरी ओळ आली असती."

शेवटी तिने सही केली. तिच्या सहीखाली मी केली. नवव्या दिवशी संध्याकाळी काँक्रीट ओतलं.

माझ्याबरोबर ऑफिसातला भोंगा आला होता. आवाजावरून पडलेलं नाव. तो कुजबुजला तरी जिन्यापर्यंत ऐकू जातं. सोमवार-मंगळवार तो सारखा बडबडत होता, आणि मला ते बरं वाटत होतं. दिवाखोलीचे जुने रखवालदार रोज दोनदा चहा आणून द्यायचे. सगळे त्यांना दिवेवाले काका म्हणायचे. ते फार बोलत नसत. दादाचं नाव त्यांनी एकदाच काढलं. "गुडघ्याचा त्रास होता ना त्याला? वर यायचा तो नेहमी सगळ्यांच्या मागून."

बुधवारी कर्सर तयार झाला. तपासायला एखादी छोटी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, हवी होती, जिचं उत्तर आधीच माहीत आहे अशी. मी ती लिहिली. भोंग्याने ती वाचून खुर्ची जवळ ओढली. आग लागल्यानंतर त्या सात दिव्यांच्या किती ओळी पडल्या, एवढाच प्रश्न होता.

आधी एकदम विचारलं. सात ओळी. प्रत्येकाची एक.

मग कर्सर उघडला आणि 'पुढे' म्हणत गेले. एक, दोन, तीन. सातवी ओळ आली. मी आठव्यांदा कळ दाबली, 'संपलं' येईल म्हणून.

दिवा २१२. रीडर १३. तारीख आगीच्या दुसऱ्या दिवसाची.

दोनशे बारा दादाचा नंबर.

"एक ओळ जास्त देतोय," भोंगा म्हणाला. "मोजण्यात चुकलीस कुठेतरी."

मलाही तेच वाटलं. कर्सर नवीन लिहिला की असं होतं. शेवटच्या ओळीपुढे बोट जातं आणि मेमरीतला कचरा उचलून आणतं. मी कोड वाचला. भोंग्याने वाचला. चूक नव्हती. सगळा तक्ता तुकड्यातुकड्याने फाईलमध्ये उतरवून त्यात शोधलं. ती ओळ नव्हती. पुन्हा एकदम विचारलं. सात.

पुन्हा कर्सर. सातनंतर आठवी. तीच. आणि मग नववी.

दिवा १८७. रीडर १२. मग दिवा २१२. रीडर १२.

"कचरा असता तर वेडावाकडा असता," मी म्हटलं. "या तारखा बघ. ओळीने आहेत."

भोंगा मशीनकडे बघत नव्हता. खिडकीबाहेर बघत होता. "अगं, आगीत आतल्या सगळ्या वायरी जळाल्या. काका परवाच सांगत होते. रीडरच चालू नव्हते, तर ओळ पाठवणार कोण?"

त्याचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

गुरुवारी त्याने फोन केला. पोट बिघडलंय म्हणाला. मी बरं म्हटलं. दिवसभर एकटीनेच नेमून दिलेलं काम केलं. अकरा वर्षांच्या नोंदी कर्सरने एकेक करून बाहेर काढल्या, तपासल्या, साहेबांना कळवलं. ते खूश झाले. काम झालं होतं. शुक्रवारी मी नुसती सही द्यायला गेले असते तरी चाललं असतं.

शुक्रवारी मी सकाळी आठला जाऊन बसले आणि ती छोटी क्वेरी उघडली.

दोन दिवे बरोबर चालले होते, एकशे सत्त्याऐंशी आणि दोनशे बारा. बाकीचे पाच कुठेच नव्हते. एरवी माणसं दोन रीडरमधलं अंतर पंधरा मिनिटांत तोडायची, काका म्हणाले होते. इथे पाऊण तास लागत होता, कधी तासाच्या वर. बारा. अकरा. दहा. अकराला त्यांनी रात्र काढली असावी. दोघांच्या सात-सात ओळी तिथल्याच होत्या.

नऊवर ते थांबले. दोन दिवस दर तासाला दोन ओळी. दोघांच्या, एकाखाली एक. मग एकशे सत्त्याऐंशीच्या ओळी यायच्या थांबल्या. दोनशे बाराच्या येत राहिल्या. आणखी एक दिवस तो तिथेच होता.

मग आठ. एकट्याची ओळ.

मी कागदावर तारखा लिहीत होते. सहाव्या दिवशी तो सहा नंबरला होता, आणि त्याच दिवशी सकाळी बचाव पथक सहा नंबरला जाऊन परत आलं होतं. वेळेत चार तासांचा फरक. मी तो आकडा दोनदा वजा करून पाहिला.

पाच. चार. चारला पुन्हा दीड दिवस. तीन.

नवव्या दिवशी संध्याकाळी काँक्रीट ओतलं तेव्हा तो दोन नंबरला होता.

दहाव्या दिवशी सकाळी सहा वाजून चार मिनिटांनी पुढची ओळ पडली होती. दिवा २१२. रीडर १.

मी उठले. नळाखाली तोंड धुतलं. नळाला गढूळ पाणी येत होतं, तरी धुतलं. माझ्या सहीला तेव्हा दोन दिवसही झाले नव्हते.

परत येऊन बसले. कर्सर थांबलेला होता. मी कळ दाबली. रीडर १, सात वाजून चार मिनिटं. दाबली. आठ वाजून चार. नऊ वाजून चार. तो दाराशी होता आणि हलत नव्हता. कधी ना कधी ओळी थांबतील, म्हणून मी दाबत राहिले. एक दिवस. दोन दिवस. आठवडा. माणूस पाण्याशिवाय किती दिवस राहू शकतो ते मला माहीत आहे. एकविसाव्या दिवशी मी कळेवरचा हात काढला, कर्सरला आपोआप पुढे जायला सांगितलं आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

ओळी पडद्यावरून वर सरकत होत्या. महिना. वर्ष. दादाच्या वर्षश्राद्धाचा दिवस सरकून गेला. दुसरं वर्ष. दर तासाला एक ओळ, एकही तास चुकलेला नाही. रीडर १. रीडर १. रीडर १. पंचवीस हजारांच्या वर मोजदाद गेली.

मग सरकणं थांबलं. मला वाटलं, संपलं.

'संपलं' आलं नव्हतं. शेवटच्या ओळीवर आजची तारीख होती. वेळ, बारा वाजून चार मिनिटं. माझ्या घड्याळात बारा वाजून चाळीस झाले होते. कर्सर बोट ठेवून वाट बघत होता.

एक वाजून चार मिनिटांनी ओळ पडली.

मी वहिनीला फोन केला. करायला नको होता, हे फोन लागल्यावर कळलं. खरं कारण सांगता येईना. "इथे येतेस का? दादाच्या नोंदी आहेत," एवढंच म्हटलं. दादा गेल्यावर ती शाळेत शिपाई म्हणून लागली होती. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती अडीचला आली. निळी साडी, हातात डब्याची पिशवी. तीन वर्षांत ती पहिल्यांदाच या आवारात पाऊल टाकत होती.

मी तिला कागद दाखवला. रीडर, तारखा. मशीन जुनं आहे, बिघाड असू शकतो, हे तीन-चार वेळा म्हटलं. ती कागदावर बोट फिरवत खाली खाली गेली.

"हे एक नंबर म्हणजे कुठे?"

"दाराशी."

"म्हणजे दारापर्यंत आला होता."

"वहिनी, हे खरं असेलच असं नाही. एकदम विचारलं तर यातलं काहीच नाही. सात ओळी येतात फक्त."

"सगळ्यांनी तेव्हा एकदमच विचारलं असेल," ती म्हणाली.

तीनला चार मिनिटं कमी असताना मी तिला पडद्याकडे बघायला सांगितलं. पंखा फिरत होता. तीन वाजून चार मिनिटांनी ओळ पडली. वहिनीने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"तू म्हणाली होतीस, ओळ आली असती."

"हो."

"मी सही केली."

"मीही केली."

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि बाहेर गेली. खिडकीतून मला ती दिसत होती. काँक्रीटच्या भिंतीशी जाऊन ती उभी राहिली. मग खाली बसली. दोन्ही तळवे भिंतीवर टेकले आणि कपाळ त्यांच्यामध्ये. ती बोलत होती. काय ते ऐकू येत नव्हतं. मधेच थांबत होती, उत्तराला जागा ठेवल्यासारखी, आणि पुन्हा बोलत होती.

दिवेवाले काका यादी घेऊन आत आले. चारला वीज जाणार. त्याआधी कुठली वस्तू भंगारात आणि कुठली कंपनीच्या गोदामात, ते त्यांना लिहायचं होतं. त्यांनी वहिनीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"मॅडम, तुमचं आटपलं का?"

"पाच मिनिटं," मी म्हटलं. "काका, एक विचारू? तोंडाशी जो रीडर आहे, तो दिवा किती लांबून टिपतो?"

"लांबून कुठला. हातभर. दिवा अगदी जवळून गेला पाहिजे. म्हणून तर बोगदा तिथे अरुंद ठेवलेला."

"म्हणजे काँक्रीटच्या अगदी आतल्या बाजूला..."

"कशाचं काँक्रीट?"

"एक नंबर. तोंडाशी होता ना तो?"

"होता," काका म्हणाले. "काँक्रीट ओतायच्या आदल्या रात्री साहेबलोकांनी काढायला लावला. महागाचा होता, कशाला गाडायचा म्हणाले. मीच काढला. वायर तेवढी कापायची राहिली, भिंतीतून ओढून तशीच आत घेतली."

त्यांनी यादीवर पेन्सिल टेकवली.

"इथेच आहे तो. तुमच्या टेबलाखाली."

मी खाली पाहिलं नाही. पडद्यावर शेवटची ओळ होती आणि कर्सर वाट बघत होता. खिडकीबाहेर वहिनी भिंतीशी बोलत होती, खोलीकडे पाठ करून.

माझ्या चपला टेबलाखाली होत्या. तो माझा सख्खा भाऊ होता, तरी मी पाय हळूच वर घेतले.